श्वानाची बुद्धी आणि माणसाची गजकाठी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सचिव महोदयांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला आणि मी 'कुत्र्याची बुद्धी' असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी दोन वेळा खात्री करून घेतली. चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात गादीवर बसलेल्या बी.कॉम. माणसाने जीएसटीवर बोलावे, फार तर व्यापारातील सचोटीवर बोलावे, अशी त्यांची रास्त अपेक्षा असावी. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नाही. परंतु १९९३ साली माझ्या हातून एका कुत्र्याच्या बाबतीत एक निवाडा झाला आणि तो चुकीचा होता. तो का चुकला, हे मला फार उशिरा, दूरदेशीच्या एका अभ्यासामुळे उमगले. माझी धाकटी कन्या पुण्यास मानसशास्त्र शिकत होती. तिने आणून दिलेल्या पुस्तकांतून व लेखांतून मी पुढे वाचीत गेलो. जे वाचले ते आधी सांगतो, माझा निवाडा शेवटी सांगेन.

आपल्या शास्त्रात जीवांचे वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येवरून केलेले आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. पंचेंद्रिय जीवांतही मनासहित आणि मनरहित असे दोन भेद आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात मन असणाऱ्यांना संज्ञी म्हटले आहे. या हिशेबाने कुत्रा हा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच होय. म्हणजे कुत्र्याला मन आहे काय, हा वाद आपल्या घरात नाही. युरोपात तो होता. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने पशू म्हणजे एक प्रकारची यंत्रेच, असे मत मांडले, आणि १८७१ साली डार्विनने माणूस व उच्च कोटीचे पशू यांच्या मनांतील फरक प्रतीचा आहे, जातीचा नव्हे, असे लिहीपर्यंत त्या मताचा पगडा बराच होता. आपण त्या वादातून सुटलो, ही समाधानाची गोष्ट खरी. तथापि मन आहे एवढे मान्य केल्याने त्या मनात काय चालले आहे ते वाचण्याचा परवाना मिळत नाही. माझी गफलत नेमकी तेथेच झाली.

डार्विननंतर इंग्लंडात पशूंच्या हुशारीच्या गोष्टी गोळा करण्याची एक लाटच आली. जॉर्ज रोमेन्स यांनी १८८२ साली अशा कथांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. कुणाच्या मांजराने कडी काढली, कुणाच्या कुत्र्याने धन्याचा दुःखावेग ओळखला, इत्यादी. सांगणारे सज्जन होते, खोटे बोलत नव्हते. परंतु हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर नोंदी भरपूर आणि पावत्या नाहीत, असा तो प्रकार होता.

पावती मागणारा पहिला ठळक माणूस म्हणजे ब्रिस्टलचे प्राध्यापक लॉइड मॉर्गन. त्यांच्याकडे टोनी नावाचा फॉक्स टेरियर कुत्रा होता. घरापुढच्या लोखंडी फाटकाची कडी टोनी डोक्याने खालून उचलीत असे, फाटक उघडे आणि स्वारी रस्त्यावर. येणाजाणारा म्हणे, काय हा कुत्रा! कडीचे तत्त्व याला समजले आहे! मॉर्गन यांनी मात्र ही क्रिया प्रथमपासून खिडकीतून पाहिली होती. टोनी फाटकाच्या गजांतून डोके काढून रस्त्याची मौज पाहत असे. एकदा योगायोगाने त्याचे डोके कडीखालच्या फटीतून गेले, मान वर झाली, कडी उचलली गेली, फाटक आपसूक उघडले. त्यानंतरही तो पुष्कळदा चुकीच्या फटीत डोके घाली. थेट योग्य जागी जाऊन कडी उचलण्यास त्याला सुमारे तीन आठवडे लागले. ज्याने फक्त शेवटचा दिवस पाहिला, त्याला तेथे तर्कबुद्धी दिसली. ज्याने तीन आठवडे पाहिले, त्याला योगायोग आणि सवय दिसली. यावरूनच मॉर्गन यांनी १८९४ साली एक नियम घालून दिला. पशूची एखादी कृती साध्या मनोव्यापाराने उलगडत असेल, तर तिच्यासाठी उच्च मनोव्यापार गृहीत धरू नये. पुढील सर्व अभ्यास या नियमाच्या धाकात वाढला. मला हा नियम पटतो, पण त्यात एक धोकाही दिसतो. पावतीविना जमा करू नये हे खरे, पण पावती नाही म्हणजे रक्कम आलीच नाही, असे कोणताही अनुभवी व्यापारी म्हणणार नाही.

पुढे १९०७ साली बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याची परीक्षा झाली. तो टापा आपटून बेरजा करतो अशी ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोड्यालाही येत नाही. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि घोडा तेवढे टिपत असे. तेव्हापासून कुत्र्याची परीक्षा घेतानाही धन्याचा चेहरा कुत्र्याला दिसू नये, अशी काळजी घेतली जाऊ लागली. हान्सचे गणित बुडाले, पण माणसाच्या मानेची ती बारीक हालचाल सभोवारच्या एकाही विद्वानाला दिसली नव्हती, ती घोड्याला दिसली, हेही विसरू नये.

आता मी आपणांस माझ्या धंद्याला जवळच्या एका गोष्टीकडे नेतो, ती म्हणजे प्रतवारी. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिले आणि त्यात जातींची क्रमवारी दिली. पहिला क्रमांक बॉर्डर कोली या मेंढपाळी कुत्र्याचा, दुसरा पूडलचा, तिसरा जर्मन शेफर्डचा. आणि अगदी तळाला, ७९व्या क्रमांकावर, अफगाण हाउंड. ही यादी जगभर गाजली. आजही कुत्रा विकत घेणारा हौशी गृहस्थ ती हमखास ऐकवतो. परंतु ती तयार कशी झाली? अमेरिका व कॅनडातील आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांना प्रश्नावली पाठविली, १९९ परीक्षकांनी उत्तरे दिली, आणि त्यांच्या मतांवरून क्रम लागला. वरच्या श्रेणीचा कुत्रा नवी आज्ञा पाचांहून कमी वेळा सांगून शिकतो आणि पहिल्याच हाकेला शंभरात पंचाण्णव वेळा ऐकतो. तळाच्या श्रेणीला तीच आज्ञा ८० ते १०० वेळा सांगावी लागते, आणि मग शंभरात जेमतेम पंचवीस वेळा ऐकले जाते.

म्हणजे येथे मोजले काय? आज्ञाधारकपणा! कोरेन यांनी स्वतः ही गोष्ट लपविलेली नाही. उपजत बुद्धी, स्वतःहून अडचण सोडविण्याची बुद्धी आणि आज्ञापालनाची बुद्धी असे तीन प्रकार त्यांनी सांगितले, व क्रमवारी तिसऱ्याचीच आहे असे स्पष्ट केले. पण बाजारात तिसऱ्याची चिठ्ठी गळून पडली आणि नुसता आकडा राहिला. मेंढपाळाच्या शिट्टीवर क्षणात वळणे हे बॉर्डर कोलीचे पिढ्यान् पिढ्यांचे काम. नजरेत आलेल्या शिकारीमागे माणसाला मैलभर मागे टाकून स्वतःच्या निर्णयाने धावणे हे अफगाण हाउंडचे. त्याने प्रत्येक पावलाला मागे वळून हुकूम विचारला असता तर तो निवडलाच गेला नसता. मांजरपाटाला रेशमाच्या कसोटीवर लावून नापास करणारा गिऱ्हाईक आम्ही रोज पाहतो. त्याला आम्ही काही बोलत नाही, पण मनात त्याची प्रतवारी करतो.

आज्ञा व शब्द यांच्या मार्गानेही उत्तम काम झालेले आहे, ते नाकारून चालणार नाही. २००४ साली जर्मनीतील लाइपझिग येथील शास्त्रज्ञांनी रिको नावाच्या बॉर्डर कोलीची परीक्षा घेतली. त्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे येत होती. वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या, धनी अलीकडे, त्यामुळे मानेच्या हालचालीचा प्रश्न मिटला. ४० पैकी ३७ वस्तू त्याने बिनचूक आणल्या. अधिक नवलाची गोष्ट पुढेच आहे. ओळखीच्या सात वस्तूंत एक अनोळखी वस्तू ठेवून कधीही न ऐकलेले नाव उच्चारले, तेव्हा दहापैकी सात वेळा त्याने नवी वस्तू आणली. बाकीच्यांची नावे मला ठाऊक आहेत, सबब हे नाव हिचेच, असा काहीसा मार्ग त्याने काढला असावा. यानंतर अमेरिकेत जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी चेसर नावाच्या कुत्रीला तीन वर्षे दररोज चार-पाच तास शिकवून १,०२२ वस्तूंची नावे शिकविली. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. शिष्येच्या बुद्धीइतकेच मला गुरूच्या चिकाटीचे कौतुक वाटते.

पण सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा प्रयोग हंगेरीतील बुडापेस्टचा आहे. आदाम मिक्लोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला. माणसांनी हातावर वाढविलेले लांडगे आणि घरगुती कुत्रे या दोघांनाही दोरी ओढून मांस मिळविण्याचे काम दिले. दोघांनाही ते जमले. नंतर दोरी अशी बांधून टाकली की ओढून काही येऊच नये. लांडगे ओढीतच राहिले. कुत्रे थोडा वेळ ओढून थांबले आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले. आता निकाल द्या! लांडगा चिकाटीचा आणि कुत्रा परावलंबी, असे म्हणता येईल. कुत्र्याने अडचण ओळखून योग्य ठिकाणी दाद मागितली आणि लांडगा व्यर्थ झुंजत बसला, असेही म्हणता येईल. कृती तीच, पाहणाऱ्याचा कल तेवढा निराळा. मी हा प्रयोग घरी सांगितला तेव्हा माझे बंधू म्हणाले, कुत्रा आळशी. सौ. म्हणाली, कुत्रा शहाणा, तुम्ही दोघे भाऊ लांडगे. (येथे सभेत हास्य झाले, म्हणून ते वाक्य मजकुरात ठेवले आहे.)

हे सारे पाळीव कुत्र्यांविषयी झाले. आपल्या पेठेतील, कुणाचाही नसलेला कुत्रा काय समजतो, याचा अभ्यास परदेशात होणे कठीण. तो आपल्याच देशात झाला. कोलकात्याच्या आयसर या संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा व त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरील कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी दोन झाकलेली भांडी ठेवून त्यांपैकी एकाकडे बोट दाखविले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जवळपास निम्मी कुत्री भांड्यांजवळ आलीच नाहीत. जी आली, त्यांपैकी सुमारे ८० टक्के बोट दाखविलेल्या भांड्याकडे गेली. माणसाच्या बोटाचा अर्थ त्यांना कुणी शिकविलेला नव्हता. आणि जी आली नाहीत त्यांना निर्बुद्ध म्हणावे काय? माणसाचा उचललेला हात हा भाकरीचा की दगडाचा, हे ठरविण्यातही बुद्धीच लागते.

या परीक्षांची किंमत कुणी मोजली, हेही अहिंसा मानणाऱ्या सभेत सांगितले पाहिजे. रशियातील पावलोव्ह यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांच्या कुत्र्यांच्या गालाला शस्त्रक्रियेने छिद्र पाडून लाळ बाहेर काढली जात असे. १९६७ साली अमेरिकेत सेलिग्मन व मायर यांनी कुत्र्यांना बांधून, त्यांना थांबविता येणार नाहीत असे विजेचे धक्के दिले. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवले, की मधला ठेंगणा अडसर ओलांडला की धक्का बंद व्हावा. बहुतेक कुत्र्यांनी ओलांडलाच नाही. ती पडून राहिली व कण्हत राहिली. या कुत्र्यांनी असहायता शिकून घेतली, असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. पुढे २०१६ साली त्याच दोघा शास्त्रज्ञांनी लिहिले, की मूळ सिद्धांत उलटा होता. दीर्घ यातनेत निपचित होणे हे शिकावे लागत नाही, ते आपसूकच होते. शिकावे लागते ते 'माझ्या हातात काही आहे' हे. चूक जाहीरपणे मान्य करणे हा त्यांचा मोठेपणा होय. पण दुरुस्तीला जवळपास पन्नास वर्षे लागली, आणि ती कुत्री कधीच गेली होती.

याउलट २०१२ साली एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कॅली या आपल्या कुत्रीच्या मेंदूचे चित्रण केले, ते तिला न बांधता आणि भुलीचे औषध न देता. यंत्रात स्वतःहून स्थिर पडून राहण्याचे शिक्षण तिला कित्येक महिने दिले, आवाजापासून कान झाकले, आणि नको वाटेल तेव्हा उठून जाण्याची तिला मुभा ठेवली. परीक्षार्थ्याला वर्ग सोडून जाण्याचा हक्क देणारी ही परीक्षा मला विशेष वाटली.

आता माझा निवाडा.

आमच्या दुकानाच्या पायरीवर मोती नावाचा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा असे. तो कुणी आणलेला नव्हता. सकाळी कुलूप काढताना तो हजर, रात्री कुलूप लावताना तो हजर. १९९३च्या दिवाळीपूर्वी मागच्या गोदामात शर्टिंगचे दोन ताके आणि लुगड्यांचा एक गठ्ठा कुरतडून, फाडून टाकलेला आढळला. ऐन हंगाम, माल उधारीवर उचललेला. मी ओरडतच पायरीवर आलो. मोतीने कान मागे टाकले, शेपूट पोटाशी घेतले, मान खाली घातली आणि नजर फिरविली. मी दिवाणजींना म्हणालो, "बघा, चेहऱ्यावरच लिहिले आहे." दिवाणजी वयाने वडील, त्यांनी ताक्याची कड हातात घेऊन पाहिली व म्हणाले, "मालक, हे दात कुत्र्याचे दिसत नाहीत." मी ऐकले नाही. त्याच दुपारी गठ्ठे घेऊन जाणाऱ्या टेम्पोत त्याला घातले आणि वीस-बावीस किलोमीटरवर नदीपलीकडे सोडून देण्यास सांगितले. मारले नाही, याचे मला त्या वेळी समाधानही वाटले.

महिन्याभराने गोदामाची फरशी उखडली तेव्हा कोपऱ्यात घुशीचे बीळ निघाले. आत पिलांसाठी अंथरूण घातलेले होते, आमच्याच शर्टिंगच्या चिंध्यांचे.

मी टेम्पोवाल्यास घेऊन त्या ठिकाणी गेलो. चहाच्या टपरीवर विचारले, वस्तीवर विचारले. तांबूस कुत्री पुष्कळ होती. मोती नव्हता.

पुष्कळ वर्षे माझ्या मनात एकच कोडे राहिले. त्याने काही केले नव्हते, तर त्याचा चेहरा अपराध्यासारखा का झाला? याचे उत्तर न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. चौदा पाळीव कुत्री घेतली. धन्याने खाऊ दाखवून 'खायचा नाही' असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. मागे प्रयोगकर्ती कधी तो खाऊ कुत्र्याला स्वतः देई, कधी उचलून घेई. परत आलेल्या धन्याला कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. म्हणजे काही निरपराध कुत्र्यांनाही बोलणी बसली. ती अपराधी मुद्रा कधी दिसली? कुत्र्याने खाल्ले की नाही, याच्याशी तिचा काहीच संबंध आढळला नाही. धनी रागावला की ती दिसे. आणि ती सर्वांत ठळक दिसली ती ज्यांनी काहीही न खाता बोलणी खाल्ली त्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर.

कुत्र्याला अपराधाची जाणीवच नसते, असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही, आणि होरोविट्झ यांनीही तसे म्हटलेले नाही. सिद्ध झाले ते एवढेच, की त्या मुद्रेवरून अपराध वाचता येत नाही. मोतीच्या चेहऱ्यावर जे लिहिलेले होते ते माझे ओरडणे होते. ते मी वाचले आणि त्याची सही समजून निकाल दिला. त्या वर्षीच्या किर्दीत नुकसानीच्या नोंदीपुढे 'कुत्र्याने माल खराब केला' असा खुलासा माझ्याच अक्षरात आहे. हिशेबतपासनिसांनी तो विनाहरकत मान्य केला. त्या वह्या अद्याप माझ्याकडे आहेत.

जीवंधरकुमाराने मार खाऊन मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव पुढे सुदर्शन नावाचा यक्ष झाला, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यातील जीवंधरकुमारांकडेच माझे सदैव लक्ष असे. हा अभ्यास वाचल्यानंतर पर्युषणात ती कथा पुन्हा कानी पडली, तेव्हा प्रथमच मनात आले, की त्या कुत्र्याला मारणाऱ्यांनाही आपण न्यायच करीत आहोत असे वाटले असेल.

सध्या त्याच पायरीवर एक पांढरी कुत्री असते. कन्येच्या आग्रहाने मी मागच्या महिन्यात तिच्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या, उजवीकडे बोट दाखविले. ती डावीकडे गेली. पुन्हा दाखविले. पुन्हा डावीकडे गेली, वाटी हुंगली, आणि दोन्ही वाट्यांच्या मधोमध अंग टाकून झोपली. कन्या फोनवर विचारीत होती, "अप्पा, निकाल काय लिहू?" मी म्हटले, रकाना कोरा ठेव.